न आलेल्या बाईच्या घरी आधी जा

बायांचा बचत गट कसा टिकवायचा हे विचारायला आजूबाजूच्या गावांतून बाया माझ्याकडे येतात. हातात कोरी वही असते, पिशवीत शिक्का असतो आणि बहुतेकींची अडचण एकच असते: "ताई, पहिले दोन महिने सगळ्या येत होत्या. आता निम्म्याही येत नाहीत. काय करू?" मी त्यांना हजेरीचं पान उघडायला लावते. सह्या केलेल्या नावांकडे बघायचं नाही. ज्या नावापुढची जागा रिकामी आहे तिथं बोट ठेवायचं आणि सांगायचं, हिच्या घरी कोण गेलं होतं? बहुधा कोणीच गेलेलं नसतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली. चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. 2007 पासून बचत गटात आहे. नऊ वर्षं अध्यक्ष होते, नंतर गावोगावी फिरून गट उभे करायचं काम केलं. खाली लिहिलंय ते गटाबद्दल. पण शेतकऱ्यांचा गट असो, भजनी मंडळ असो की गावातलं वाचनालय, माणसं धरून ठेवायची रीत फार वेगळी नसते.

पहिलं सांगणं हे, की गट एका दिवसात बांधू नका. आमच्या गावात 2005 साली एका संस्थेची माणसं जीप घेऊन आली. मारुतीच्या देवळात बाया जमवल्या, दुपारी चारपर्यंत तीन गट झाले, फोटो निघाले. ज्या क्रमानं बाया बसल्या होत्या त्याच क्रमानं गटात पडल्या. वाटणीवरून ज्यांचं बोलणं बंद होतं अशा दोन सख्ख्या जावा एकाच गटात आल्या. संस्थेची जीप परत फार फिरकली नाही. वर्षाच्या आत तिन्ही गट मोडले, जमलेले पैसे वाटून घेताना भांडणं झाली आणि पुढं दोन वर्षं 'गट' म्हटलं की बाया हात जोडायच्या.

आम्ही परत सुरुवात केली तेव्हा महिनाभर नुसतं पाहिलं. निंदणाला कोण कोणासोबत जाते? घरात पीठ सरलं तर वाटी घेऊन कोणाच्या दारात उभी राहते? रात्री सुनेला कळा सुरू झाल्या तर पहिली हाक कोणाला मारते? जिच्याकडे उसनं मागायला लाज वाटत नाही, तिच्यासोबत पैशाचा व्यवहार करायलाही भीती वाटत नाही. अशा बायांचा गट आधीच झालेला असतो, फक्त त्याची वही नसते. आमच्या अशा 12 जणी निघाल्या. साधारण 10 ते 20 जणींचा गट चालतो, पण मला विचाराल तर 12 च्या वर जाऊ नका. बाराजणींच्या घरी वर्षभर जाणं होतं, विसांच्या घरी होत नाही. आमच्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांसारखी दुर्गम, लहान वस्ती असेल तर उमेदच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या नियमात पाच जणींचाही गट बसतो. तिथं संख्या भरायला दुसऱ्या गावच्या बाया ओढून आणू नका.

बसायची जागा नीट विचार करून ठरवा. देवळात बसलात तर काही बाया पायरीपाशीच थांबतील, विहारात बसलात तर दुसऱ्या काही येणार नाहीत, आणि गावातल्या मोठ्या घरच्या ओसरीवर बसलात तर मजुरीला जाणारी बाई तिथं तोंड उघडणार नाही. आम्ही अंगणवाडीची छपरी घेतली. सतरंजी एक, पाण्याचा गुंड एक. गोल बसायचं. पहिल्या दोन बैठकांना एका म्हाताऱ्या आत्यानं पाणी घेतलं नाही, कोणी भरून आणलं ते तिला ठाऊक होतं म्हणून. आम्ही तिला काही बोललो नाही, आणि दुसरा गुंडही आणला नाही. चैत्रातल्या एका बैठकीत उन्हाचा तडाखा असा होता की तिनं हात पुढं केला. त्यानंतर तो विषय आमच्या गटात कधी निघाला नाही.

वेळ एकच ठेवा. हे मी शिकले ते सायंकाळच्या प्रार्थनेवरून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आमच्या विदर्भातले. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले, 1968 साली मोझरीला वारले. त्यांनी सुरू केलेली सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात अजून होते. तिचं आमंत्रण कोणी देत नाही. दिवेलागण झाली की सतरंजी पडते, दोघं असले तरी सुरू होते आणि चाळीस असले तरी सुरू होते. आमची बैठक सोमवारी रात्री आठला. तिघी असल्या तरी आठला वही उघडते. निरोपाचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर टाकला म्हणजे पोचला असं धरू नका. आमच्या अर्ध्या बायांचा फोन पोराच्या हातात असतो.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती शिकवणारे पुष्कळ आहेत. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं 1992 साली 500 गटांपासून गट आणि बँक जोडायला सुरुवात केली तेव्हापासून चालत आलेली रीत आहे. तिलाच आपल्याकडे पंचसूत्री म्हणतात: नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड, आणि हिशेब लिहिणं. आम्ही आठवड्याला 10 रुपयांपासून सुरू केलं, आज महिन्याला 100 भरतो. बाराजणींचे वर्षाला 14,400 होतात. शेकडा 2 नं 5,000 रुपये दिले तर महिन्याला 100 रुपये व्याज येतं आणि ते आपल्याच पेटीत राहतं. आमच्याकडचा सावकार त्याच पाच हजारांवर महिन्याला 250 घ्यायचा. हे बायांना फळ्यावर लिहून दाखवू नका. पेटी उघडा आणि नोटा सतरंजीवर मांडा. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या कमरेला, आणि जिला वाचता येत नाही तिलाच दर वेळी पैसे मोजायला लावा. ती चुकत नाही.

आता खरं सांगायचं आहे ते.

2012 सालची गोष्ट. श्रावणातला सोमवार होता. आमच्यातल्या एका बाईचे तीन हप्ते थकले होते. पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी तिनं कर्ज घेतलं होतं. त्याच आठवड्यात बँकेत आमच्या गटाची प्रतवारी व्हायची होती, आणि थकबाकी दिसली तर मोठं कर्ज अडेल या धास्तीनं मी सगळ्यांसमोर तिला बोलले. "तुह्यापायी गटाचं नाव खराब होऊन राह्यलं. बाकीच्या बायाईले काय पैसे जड झाले?" तिनं पदर नीट केला, खाली मान घालून बैठक संपेपर्यंत बसली, सतरंजी झटकायलाही थांबली.

पुढच्या सोमवारी तिचा चौथीतला पोरगा आला. रुमालात बांधलेले पैसे होते. उरलेलं सगळं मुद्दल, त्यावरचं व्याज, वरची चिल्लरसुद्धा. मी मोजून घेतले, वहीत थकबाकी शून्य लिहिली आणि बाकीच्यांना म्हटलं, "पाहा, बोललं की होते." त्याच्या पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्याही पुढच्या आली नाही. मी गेले नाही. चौथ्या आठवड्यात गेले ते तिचं नाव कमी करायच्या कागदावर अंगठा घ्यायला.

तिच्या आंगणात कुडाला लागून बकऱ्यांचे दोन खुंटे होते. दोन्ही रिकामे. एका खुंट्याला दावं तसंच गुंडाळलेलं आणि खाली सुबाभळीच्या वाळलेल्या डहाळ्या, पाला खाऊन उरलेल्या. तिनं मला बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला. कप हातात देताना म्हणाली, "कोराच आहे बाई. दूध नाई आता." आत खाटेवर नवरा निजला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. आषाढापासून कावीळ होती. तिच्या गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. गटाच्या अध्यक्षाला ठाऊक नव्हतं.

मी कागद पिशवीतून काढलाच नाही.

आमच्या वहीत त्या महिन्याला एक पैशाची थकबाकी नव्हती आणि बाराजणींत पाच वर्षं बसलेली बाई निघून गेली होती. बँकेला गट चांगला दिसला. मोठं कर्जही मिळालं. पण ज्या दोन बकऱ्यांच्या दुधावर तिच्या घरचा चहा आणि पोराची वही-पेन्सिल चालायची, त्या मी चारचौघींत तोंड सोडल्यामुळे बाजारात गेल्या.

तिला परत यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी काय केलं तेच तुम्हाला सांगण्यासारखं आहे. गटाचं नाव एकदाही काढलं नाही. दिवाळीनंतर ती ज्यांच्या वावरात वेचणीला जायची तिथं मीही जायला लागले, जमेल तेव्हा तिच्याच पातीला. वेचताना हात चालतात आणि तोंड मोकळं असतं, बाया एकमेकींना खरं सांगतात ते वेचणीतच. पहिले कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एक दिवस नवऱ्याच्या तपासणीचा कागद दाखवला, वाचून सांग म्हणाली. संक्रांतीला मी तिच्या घरी तीळगूळ घेऊन गेले. चैत्रात ती बैठकीला आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. मी वही उघडायच्या आधी उभी राहिले आणि म्हटलं, माझं चुकलं. बोलले होते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. घरी जाऊन एकटीजवळ मागितली असती तर ती अर्धीच झाली असती.

त्या दिवशी आमच्या गटात नियम झाला, आणि तो आजवर मोडला नाही. जी आली नाही तिच्या घरी त्याच रात्री जायचं, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघींनी जायचं आणि त्यातली एक तिची शेजारीण असावी. वही न्यायची नाही. पैशाचा विषय काढायचा नाही. "आज तू दिसली नाईस वं, म्हणून आलो," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. दहा मिनिटांत उठायचं. पहिल्याच भेटीत ती कारण सांगेल असं धरू नका. पुष्कळदा "डोकं दुखत होतं" म्हणते, आणि आपण उठून दाराशी आलो की मागून हाक मारते.

न येण्याची कारणं मी इतक्या वर्षांत पाहिली ती बहुतेक चारच. सगळ्यात जास्त वेळा बचतीचे पैसे नसतात आणि रिकाम्या हातानं यायची लाज वाटते. त्यावर आम्ही ठराव करून ठेवलाय: रिकाम्या हातानं या, पण या. नावापुढे 'बाकी' लिहिलं जाईल, कोणी काही म्हणणार नाही. दंड मात्र लावू नका. पाच रुपयांच्या दंडानं जेवढ्या बाया गटातून गेल्या तेवढ्या मोठ्या कर्जानंही गेल्या नसतील. दुसरं कारण आजारपण. तिसरं घरचा विरोध. तिथं नवऱ्याशी हुज्जत घालू नका, सासूपाशी बसा. सासूला एकदा बैठकीला घेऊन या, तिला कळलं की सून कुठं बसते आणि काय बोलते, की तीच म्हणते, जाऊ दे तिला. चौथं कारण गटातल्याच दुसऱ्या बाईशी बिनसलेलं असतं.

हे चौथं अवघड आहे. आमच्या गटातल्या दोघींचं धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून वाजलं होतं, एकीच्या माणसानं दुसरीच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड तोडलं म्हणून. दोघींना समोरासमोर बसवून मिटवावं असं सगळ्यांना वाटत होतं. मी तसं करू दिलं नाही. सगळ्यांसमोर बसवलं की बाईला आपल्या घराची बाजू घ्यावीच लागते, मनात नसलं तरी. मी दोघींकडे वेगवेगळी जात राहिले, आणि एकीचं बोललेलं दुसरीला कधी सांगितलं नाही, चांगलं बोलली असली तरीही. तेवढ्यात एकीची पोरगी बाळंतपणाला आली आणि रात्री गाडी मिळेना. गाडी मिळाली ती दुसरीच्या भावाची. झाड कोणाचं होतं ते अजून ठरलेलं नाही. दोघी बैठकीला येतात.

भेटीत जे कळलं ते बैठकीत सांगायचं नाही. पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर, घरातली गोष्ट दोघींतच. याची गल्लत झाली तर तुमच्यासाठी दारं बंद होतात आणि ती परत उघडत नाहीत. एका गावातला चांगला चाललेला गट मी याच कारणानं मोडताना पाहिलाय. सचिवानं एकीच्या नवऱ्याच्या दारूची गोष्ट कर्ज नाकारताना सगळ्यांत बोलून दाखवली होती.

शेतीचं वेळापत्रक ओळखूनच गट चालवा. मृगात पेरणी लागली की दोन आठवडे बैठक तासाभराची नको, वीस मिनिटांची ठेवा. निंदणात बाया थकलेल्या असतात, तेव्हा नवे विषय काढू नका. वेचणीत मजुरी किलोवर असते, अंधार पडेपर्यंत बाई वावरात असते, तेव्हा आठची बैठक साडेआठला न्या पण रद्द करू नका. उन्हाळ्यात हात मोकळे असतात. प्रशिक्षण, दौरे, पापड-शेवयांची कामं तेव्हाच. आणि कामाव्यतिरिक्त एकत्र यायची एखादी जागा ठेवा. आम्ही कापूस वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा गटानं मिळून करतो, एकेका वर्षी एकेकीच्या वावरात. दहीभात सगळ्यांचा.

हळदीकुंकवाचं आम्ही 2014 साली बदललं. आमच्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी किती घरं उघडी पडली ते वेगळं सांगायला नको. आमच्या बारांत तिघी विधवा होत्या. वर्षभर एकत्र पैसे मोजायचे आणि संक्रांतीला त्यांनी घरात बसायचं, हे मला बघवेना. आता कार्यक्रम तीळगुळाचा असतो, वाण सगळ्यांना आणि पहिलं वाण त्या तिघींपैकी एकीच्या हातून. पहिल्या वर्षी दोघी सवाष्णी आल्या नाहीत. त्यांच्याही घरी आम्ही त्याच रात्री गेलो, तीळगूळ घेऊन. नियम त्यांच्यासाठीही तोच.

निर्णय मतं मोजून करू नका. हे आम्ही गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जाऊन पाहिलं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं ते गोंड गाव. सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना 2009 साली सामूहिक हक्क मिळाला. तिथं ठराव सर्वसहमतीनं होतात. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. मला आधी वाटलं, असं केलं तर काम कधी होणार? पण आमच्या गटात करून पाहिलं. पिठाची गिरणी घ्यायची की नाही, यावर एक बाई अडून बसली. विषय तीन वेळा पुढं गेला. तिसऱ्या वेळी कळलं की लोडशेडिंग तिच्याच डोक्यात होतं, आमच्या कोणाच्या नव्हतं. आम्ही गिरणी घेतली नाही, शेवयांचं यंत्र घेतलं, हातानं फिरवायचं. ते अजून चालतं.

अध्यक्षपदाबद्दल एकच सांगते. मी नऊ वर्षं धरून ठेवलं, ती सहा वर्षं जास्तीची होती. तीन वर्षांनी सोडा. पण एकदम हातात वही देऊन निघून जाऊ नका. मी ज्या सुनेला तयार केलं ती बारावी झालेली, पण बँकेत शिरायला घाबरायची. पहिल्या वेळी मी बोलले, ती शेजारी बसली. दुसऱ्या वेळी ती बोलली, मी शेजारी बसले. तिसऱ्या वेळी मी बाहेर लिंबाखाली थांबले. चौथ्या वेळी वावरातच राहिले. आता बैठकीत मी सतरंजीवर इतरांसारखी बसते, आणि हिशेबात काही खटकलं तर हात वर करून विचारते. जुन्या अध्यक्षानं प्रश्न विचारलेले नवीला आवडतात, हुकूम आवडत नाहीत.

शेवटी वहीच्या शेवटच्या पानाबद्दल. सरकारी नमुन्यात ते पान नाही, तुम्ही स्वतः आखून घ्या. त्यावर पैसा लिहायचा नाही. कोणाची सून कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, कोणाचं पोरगं दहावीला, कोणाच्या घरी सुतक आहे आणि पिठलं-भाकर कोणी न्यायची. बैठक संपताना अध्यक्षानं ते मनातल्या मनात वाचायचं, मोठ्यानं नाही. या सोमवारी आमच्या पानावर तीन नोंदी होत्या. मधल्या गल्लीतल्या वहिनीची सोनोग्राफी गुरुवारी, सोबत कोणी नाही, मी जाते. धाकट्या काकूची गाय आटली, दूध दोन घरांतून. आणि शेवटच्या घरची आत्या आली नाही. तिच्याकडे सचिव आणि शेजारीण त्याच रात्री जाऊन आल्या. आत्याचा चष्मा फुटलाय, रात्रीचं दिसत नाही, म्हणून आली नव्हती. पुढच्या सोमवारी तिला हाताला धरून कोण आणणार, तेवढं लिहायचं राहिलंय.